आमची वाटचाल : विषयवहीच्या जोरावर

आमचा धंदा मजकुराचा. सांगली-मिरज भागातले पंपवाले, बियाण्यांची दुकानं, रोपवाटिका, पतसंस्था यांची मासिक पत्रकं, दिनदर्शिकेच्या मागची पानं, दिवाळीची सोळा पानी पुस्तिका, आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे छोटे लेख. छपाई बाहेरून करून घेतो, मॅटर मात्र आमच्याच टेबलावर तयार होतं. लिहिणारी माणसं या धंद्यात पुष्कळ मिळतात, अडतं ते विषयापाशी. महिना संपत आला, प्लेट काढायची वेळ झाली आणि पान कोरं, ही धाकधूक ज्याने अनुभवली आहे त्यालाच पुढचं नीट कळेल.

आम्ही अभिमानाने सांगतो की आमच्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीला, 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून सुरू झालेलं ते पत्र शंकरराव किर्लोस्करांनी साऱ्या महाराष्ट्राचं मासिक करून दाखवलं. नांगर-पंपांच्या कारखान्यातून एवढं वाचनीय काही निघू शकतं, तर आमच्या दुकानदारांच्या पत्रकात का नको, या ईर्ष्येनेच आम्ही धंद्यात उतरलो.

आमचं खरं भांडवल म्हणजे विषयवही. लाल कापडी बांधणीची, उभी, खतावणीसारखी. तिला चार रकाने: तारीख, कोणी विचारलं, काय विचारलं, कधी छापलं. तिसऱ्या रकान्यात विचारणाऱ्याचेच शब्द उतरवायचे, शुद्धलेखन सुधारायचं नाही, हा आमच्याकडचा सक्त नियम. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या काउंटरवर अशी एक वही दोऱ्याने बांधलेली असते आणि महिनाअखेरीस आमचा पोरगा फिरून ती उतरवून आणतो. मधली बरीच वर्षं या वहीवर सुखाने निघाली.

मग बाहेरच्या शहरातली एक फर्म आमच्या भागात शिरली. नाव घेत नाही. त्यांनी वर्षभराचे बारा लेख एकदम, तेही आमच्या निम्म्या दरात द्यायला सुरुवात केली. लेख तोच, खाली दुकानाचं नाव तेवढं वेगळं. 'पाणी हेच जीवन' हा एकच मजकूर पंपवाल्याला गेला, बियाणेवाल्याला गेला आणि पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवरही झळकला. आणि आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली! ज्यांच्या पत्रकासाठी आम्ही दिवाळीत घरी न जाता प्रुफं तपासली, त्यांनी फोनवरसुद्धा सांगितलं नाही. दुसऱ्याचं पत्रक छापून आलेलं पाहिलं तेव्हा कळलं. डीटीपीचा पोरगा गेला, गाळ्याचं भाडं थकलं, कागदवाल्याने उधारी बंद केली. ती गोष्ट आजही मनातून जात नाही, आणि ती गेली असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

त्या काळात टिकले ते आमचे अण्णा. पंपाचं दुकान, मागे वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं नव्याने भरायचा कारखाना, आणि गिऱ्हाईक सगळं तासगाव-पलूसकडचं बागाईतदार. निम्म्या दराची माणसं त्यांच्याकडेही गेली होती. अण्णा त्यांना म्हणाले, "पाण्याचं महत्त्व माझ्या शेतकऱ्याला तुम्ही सांगणार व्हय? त्यो काय इचारतोय ते छापा की."

त्या साली त्यांच्या वहीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली होती: 'मोटार पाणी वडत नाही, बदलून द्या.' बहुतेक नोंदी चैत्र-वैशाखातल्या. आम्ही अण्णांच्या मिस्त्रीबरोबर विहिरींवर गेलो. मोटारी चांगल्या होत्या. विहिरीचं पाणी खाली गेलेलं आणि पंप मात्र वर काठावरच. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबावर, आणि व्यवहारात सात मीटरच्या पुढे ते जमत नाही, मग मोटार कितीही हॉर्सपॉवरची बसवा. काही ठिकाणी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळत होता, म्हणून रोज सकाळी पाइप रिकामा. आम्ही तो लेख फाल्गुनातच काढला: पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर कधी घ्यायचा, फूट व्हॉल्व्ह कसा तपासायचा. त्या उन्हाळ्यात परत आलेल्या मोटारी घटल्या, हे अण्णांनीच बाजारात सांगितलं. लोकांनी पत्रक दुकानातून मागून नेलं. कमी व्होल्टेजला मोटार जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं, हा पुढचा लेखही त्याच वहीतून निघाला. हळूहळू गेलेली गिऱ्हाइकं परत आली. आम्ही त्यांना परत घेतलं, पण दर जुना ठेवला नाही.

आता ज्यांना दर महिन्याला काही लिहावं लागतं त्यांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. विषय सुचत नाही म्हणून दुसऱ्यांची पत्रकं चाळू नका; त्यातून दुसऱ्याचाच विषय मिळतो. काउंटरवर बसा. परत आलेल्या मालाची पावती वाचा, तिच्यामागे खरडलेलं कारण वाचा. एकच प्रश्न तीन वेगळ्या गावांतून आला की तो छापायचा, आणि अडचण येण्याच्या महिनाभर आधी छापायचा. द्राक्षवाल्याला खरड छाटणीचा लेख मे महिन्यात देऊन काय उपयोग, एप्रिलमध्ये कात्री चालून गेलेली असते. जुना विषय पुन्हा घ्यायला लाजू नका, फक्त चौथा रकाना बघून मागच्या वेळी काय सांगायचं राहिलं ते सांगा. आणि मिस्त्री, हमाल, माल पोचवणारा पोरगा यांना चहा पाजत जा. मालकाला सांगत नाहीत ते गिऱ्हाईक त्यांना सांगतं.

सध्या अण्णांच्या वहीत सौरपंप भरलाय. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आल्यापासून निम्मे प्रश्न त्याचेच: ढग आले की पाणी किती कमी पडतं, पॅनेलवरची धूळ कधी पुसायची, वाइंडिंगवाल्याला त्यातलं काय दुरुस्त करता येतं. दिवाळीची पुस्तिका यंदा पूर्ण याच विषयावर काढतोय. मिस्त्रीबरोबर शेतांवर फिरणं सुरू आहे, पहिला फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा पहिला ताव, लागायला आला आहे.