खनिपट्टा डोंगरावर, वाट आमच्या बागेतून : माझा अनुभव

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिणेकडील आमच्या गावात लोहखनिजाचा खनिपट्टा, म्हणजे खाणकामासाठीचा भाडेपट्टा, मंजूर झाला, तेव्हा त्याच्या क्षेत्रात आमच्या जमिनीचा एकही गट नव्हता. त्यामुळे घरात कोणी फारशी काळजी केली नाही. मात्र खाणीपासून डांबरी रस्त्याला येण्याची सर्वांत जवळची वाट आमच्या काजूच्या बागेतून जात होती, आणि पुढे मी ज्या प्रकरणाच्या मागे फिरत राहिलो, ते या दीडशे मीटर वाटेचे होते.

जानेवारी २०२२ मध्ये बाबांनी पावसात कोसळलेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पुन्हा रचला. शेजारच्या काकांची गुरे पूर्वीपासून तिथूनच जात असल्याने मध्ये माणसे आणि गुरे जातील एवढी जागा सोडून बांबूंचे बेडे, म्हणजे उघडता येणारे फाटक, लावले. सप्टेंबरमध्ये तहसील कार्यालयाची नोटीस आली. वहिवाटीचा, म्हणजे पूर्वापार वापरातला, रस्ता आम्ही अडवला आहे आणि तो ट्रकसाठी मोकळा करून मिळावा, असा दावा कंपनीने मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाखल केला होता.

पहिल्या तारखेला मी फक्त सातबारा घेऊन गेलो आणि जमीन आमची आहे, एवढेच पुनःपुन्हा सांगत राहिलो. मालकीबद्दल वादच नव्हता, हे मला तिथे उभा राहिल्यावर कळले. नंतर वकिलांनी समजावले, की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार भूगर्भातील खनिजे शासनाची असतात, आणि खाण व खनिज अधिनियमाच्या कलम २४ अ प्रमाणे खनिपट्टाधारकाला पट्ट्यातील जमिनीवर प्रवेश करून काम करता येते. पृष्ठभागावरील वहिवाटदाराचे, म्हणजे जमीन ताब्यात असणाऱ्याचे, नुकसान झाल्यास भरपाई द्यावी लागते, पण वहिवाटदाराला खनिपट्टाधारकाचा प्रवेश सरसकट नाकारता येत नाही. मात्र हा अधिकार पट्ट्यापुरताच आहे. आमची बाग पट्ट्याबाहेर असल्याने कंपनीला वाटेवरचा स्वतंत्र हक्क सिद्ध करावा लागणार होता. ही सीमा समजली तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

मग मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित नक्कल मागितली. ती हाती यायला तीन आठवडे लागले, परंतु सगळ्या प्रकरणात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही ठरले नाही. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट, तर पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. आमच्या बागेतून गेलेली रेषा एकेरी होती. नक्कल घरी आणल्यावर बाबांनी ती खिडकीजवळ धरून कितीतरी वेळ पाहिली.

वकिलांनी लेखी म्हणण्यात आणखी दोन मुद्दे घेतले. कलम ५ चे संरक्षण शेती, चराई, झाडे, पिके अशा वापरातील जमिनीकडे जाणाऱ्या रस्त्यांना आहे, खनिज वाहतुकीला नाही. आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा, तर गडगा बांधून आठ महिने उलटले होते. कंपनीचे म्हणणे असे, की ट्रक पहिल्यांदा अडला तो ऑगस्टमध्ये, म्हणून मुदत तिथून मोजावी. हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही.

स्थळपाहणीच्या दिवशी मला सर्वांत जास्त भीती काकांची होती, कारण बेडे आम्ही बंद करू असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी आदल्या रात्री त्यांच्या घरी गेलो आणि निकाल काहीही लागला तरी तुमची वाट राहील, असे लिहून दिले. पंचनाम्यात त्यांनी आपली गुरे कधी अडली नाहीत आणि बैलगाडी तिथून कधी गेली नाही, असे सांगितले. तरीही तहसीलदारांनी बारा फूट रस्ता खुला करण्याचा आदेश दिला. तो वाचताना माझे हात कापत होते, हे लिहायला संकोच वाटत नाही.

या अधिनियमात अपील नाही, पुनरीक्षण, म्हणजे वरिष्ठांकडून आदेशाची फेरतपासणी, आहे. आम्ही उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करून आधी स्थगिती मिळवली. अनेक तारखांनंतर तहसीलदारांचा आदेश रद्द झाला : वापर शेतीचा नसल्याने दावा या कलमात बसत नाही, एवढ्या एकाच कारणावर. मुदतीच्या मुद्द्यावर त्यांनी मत दिले नाही, आणि माझ्या मते ते द्यायला हवे होते.

या निकालाने दिवाणी न्यायालयाचे दार बंद होत नाही. कंपनीने तिथे वहिवाटीच्या हक्काचा दावा लावला असून न्यायालयाने वाटेची मोजणी करण्याचा आदेश दिला आहे. मोजणी पावसाळ्यानंतर होईल. तोपर्यंत गडगा उभा आहे, आणि काकांची गुरे रोज सकाळी बेड्यातून वरच्या कातळाच्या सड्यावर जातात.