तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याच्या फुटबॉलवाल्याचा क्लब कुठला?

दोन प्रश्न मला नेहमी एकापाठोपाठ येतात. पहिला, 'पुण्याचे ना तुम्ही, मग तुमचा क्लब कुठला?' त्याचं उत्तर द्यायला लागलो की दुसरा, 'फुटबॉलच्या गप्पांत राजकारण कशाला आणता?' दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी पुण्याचे क्लब मोजू. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला आणि 2015 मध्ये गुंडाळला गेला. भारत एफसीला एकच हंगाम मिळाला. डीएसके शिवाजियन्सचे आय-लीगमधले दोन हंगाम झाले. एफसी पुणे सिटी 2014 ते 2019. 'मालकाकडे पैसे उरले नाहीत, क्लब बंद पडला, त्यात एवढं काय?' असं म्हणणाऱ्यांना मी याच शेवटच्या क्लबचं पुढे काय झालं ते विचारतो. आयएसएलमधली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली, त्याची जागा नाहीशी झाली नाही, ती फक्त पुण्यातून उठली. 2019 मध्ये ती हैदराबादला गेली. 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामन्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेतं झालं. त्यानंतर पैसे आटले.

पैसे आटले की क्लब कसा कोसळतो ते नीट समजून घ्या, कारण चाहते बहुतेक वेळा खेळाडूंवर चिडतात. दोन महिन्यांचा पगार थकला तर फिफाच्या नियमानुसार खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत देतो. तरीही पैसे आले नाहीत तर त्याला करार मोडता येतो आणि भरपाई मागता येते. ती भरपाईही थकली की क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येते. म्हणजे चांगले होते ते गेले, नवे आणता येत नाहीत, आणि उरलेली कोवळी पोरं दर आठवड्याला मार खातात. 2023-24 मध्ये हैदराबाद तळाला होतं ते यामुळे. 2025 मध्ये तीच जागा दिल्लीला गेली, नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. सहा वर्षांत तीन शहरं. जर्मनीत क्लबच्या निम्म्याहून एक तरी जास्त मत सभासदांच्या हातात राहावं असा नियम आहे. आपल्याकडे हंगामाचं तिकीट ही फक्त पैसे भरल्याची पावती. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात; तिथली पाटाकडील किंवा दिलबहार तालीम कुणी विकत घेऊन सांगलीला नेईल का? तालमीतही राजकारण आहे, निवडणुकांशी तिचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. पण तालीम पेठ सोडून जात नाही.

2014 मध्ये मी आयएसएलच्या बाजूने तावातावाने बोलत होतो, हे कबूल करतो. भरलेली मैदानं, दिव्यांचा झगमगाट, टीव्हीवर धड दिसणारा सामना. जुने क्लब मागे पडतील म्हणणाऱ्यांना मी रडे म्हणायचो. गोव्याच्या क्लबांनी 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात राष्ट्रीय लीग जिंकल्या होत्या: धेंपो चार, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. आयएसएल वर आणि आय-लीग खाली, असा आराखडा पुढे आल्यावर जून 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले, मग धेंपोही. सात वर्षं देशाला विजेते देणाऱ्या क्लबांना त्या आराखड्यावर मत देता आलं नाही, कारण देशाचं फुटबॉल चालवणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघात मत क्लबांना नव्हतंच. इथून राजकारण सुरू होतं. ते मी आणलेलं नाही.

मत कुणाला होतं? राज्य संघटनांना, प्रत्येकी एक. गोव्याचं एक, महाराष्ट्राचं एक, आणि जिथे धड लीगही होत नाही त्या राज्याचंही एकच. जिल्हा संघटना हातात आली की राज्य संघटना येते, राज्यं हातात आली की महासंघ. या साखळीत तिकीट काढणारा कुठेच नाही.

आता 2022 च्या ऑगस्टबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझा विश्वास तिथे तुटला. राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल 2009 पासून महासंघाचे निवडून आलेले अध्यक्ष. केंद्र सरकारच्या तेव्हाच्या क्रीडा संहितेनुसार अध्यक्षपदाची कमाल मर्यादा 12 वर्षं होती. डिसेंबर 2020 मध्ये मुदत संपली, पण महासंघाच्या घटनेचा खटला प्रलंबित असल्याचं कारण देऊन निवडणूक झाली नाही. 18 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने तीन जणांची प्रशासक समिती नेमली. मी आनंदलो होतो. 3 ऑगस्टच्या आदेशात मतदार यादी ठरली: राज्यांचे 36 प्रतिनिधी आणि 36 माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, 24 पुरुष आणि 12 महिला. खेळलेल्या माणसांच्या हातात निम्मी मतं!

15 ऑगस्टला फिफाने त्रयस्थ पक्षाचा अवाजवी हस्तक्षेप म्हणून महासंघाला निलंबित केलं. गोकुळम केरळाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्या एकही सामना न खेळता परतल्या. मडगाव आणि नवी मुंबईत सामने ठरलेली मुलींची 17 वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा हातातून जायची वेळ आली. 22 ऑगस्टला न्यायालयाने समिती बरखास्त केली, माजी खेळाडूंची 36 मतं यादीतून गेली, आणि 26 ला निलंबन उठलं.

2 सप्टेंबरला मतदान झालं. एका बाजूला माजी गोलरक्षक कल्याण चौबे, 2019 मध्ये लोकसभेला आणि 2021 मध्ये विधानसभेला भाजपचे उमेदवार. समोर भारताचे माजी कर्णधार भाईचुंग भुतिया. निकाल 33-1. हा आकडा हरण्याजिंकण्यापलीकडचा आहे. अर्ज भरायला एका राज्याचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचं अनुमोदन लागतं. भुतियांचं नाव आंध्रने सुचवलं होतं, राजस्थानने अनुमोदन दिलं होतं. म्हणजे किमान दोन मतं हवीत. पडलं एक.

'पण अध्यक्ष खेळाडूच झाला ना?' होय, महासंघाचा पहिला खेळाडू अध्यक्ष. मला हेच तर हवं होतं, नाही का? यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. न्यायालय मध्ये पडलं नसतं तर पटेल किती काळ राहिले असते, आणि मध्ये पडलं म्हणून ताश्कंदच्या मुलींनी किंमत का मोजावी, या दोन गोष्टी मला अजून एका तागडीत घालता येत नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला फातोर्ड्यात सिंगापूरकडून 1-2 हरून भारताला आशियाई चषकाचं दार बंद झालं. लीगच्या व्यापारी हक्कांच्या निविदेला नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. 15 वर्षांचा जुना करार डिसेंबरात संपला. लीग केव्हा सुरू होणार हे जानेवारी 2026 मध्ये जाहीर केलं ते केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी: 14 फेब्रुवारीपासून, 14 संघ, एकेरी फेरी, 91 सामने. हंगामाची तारीखच मंत्री सांगत असतील, तर मी राजकारण सोडून नेमकं काय बोलू?

महासंघाची नवी घटना सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केली. तीत माजी खेळाडूंना मतं आहेत, हे चांगलंच झालं. चाहत्यांना नाहीत.

तेव्हा क्लब कुठला, तर आयएसएलमध्ये कुठलाच नाही. स्पोर्टिंग क्लब दिल्लीचा निकाल मात्र मी दर वेळी बघतो. जिंकले तर आनंद होत नाही, आणि हरले की वाईट वाटतंच.