उपकेंद्रात आज बीपी-शुगर तपासणी

आज तिशीच्या पुढच्यांची तपासणी होती, बायका आल्या पण पुरुष काही येईनात, शेवटी आशाताईच पारावर जाऊन चार-पाच जणांना घेऊन आल्या. त्यातल्या एका दादांचं बीपी १७०/१०४, म्हणजे बरंच जास्त, पाच मिनिटं बसवून परत मोजलं तरी तेवढंच, आणि म्हणतात मला तर काहीच त्रास नाही ओ मॅडम. अहो तेच तर ना, बीपी दुखत नाही म्हणून कुणी मोजतच नाही! या तपासणीच्या फॉर्ममध्ये वय, तंबाखू, कमरेचा घेर, घरातला बीपी-शुगर-हार्टचा त्रास याचे मार्क असतात, बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायचं. कमरेला टेप लावताना हे दादा हळूच म्हणाले, वडील पन्नाशीत अटॅकने गेले. उद्या त्यांना पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टरांकडे पाठवतेय, गोळी चालू झाली की बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही हे वहिनींनाही फोन करून सांगितलंय.