जळगावहून बीकेसीला: जे-१ व्हिसा, एजंट आणि फॉर्मवरचा एक रकाना

आधी निकाल सांगते. अमेरिकेतल्या विद्यापीठात सहा महिने किंवा वर्षभर संशोधनाला जायचं असेल, म्हणजेच जे-१ हा पाहुण्या संशोधकांचा व्हिसा हवा असेल, तर जळगावात, धुळ्यात, नंदुरबारात कुठल्याही एजंटाला एक रुपयाही देऊ नका. त्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं. पासपोर्ट काल घरी आला, व्हिसा लागला आहे, आणि डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते.

माझं काम केळीवरच्या सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूवर आहे. रावेर-यावलचे शेतकरी त्याला हरण्या म्हणतात आणि ऐन पावसाळ्यात बागाच्या बागा उपटून फेकतात. हा विषाणू लवकर ओळखण्याच्या चाचणीवर काम करणाऱ्या तिकडच्या एका प्रयोगशाळेने मला व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून बोलावलं. बोलावणं आलं, प्राचार्यांची ना हरकत मिळाली, रजाही मंजूर झाली. इथवर सगळं सुरळीत होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग व्हिसासाठी शहरातल्या एका एजंटाकडे गेले. त्याने ॲडव्हान्स घेतला आणि तीन गोष्टी सांगितल्या, तिन्ही खोट्या.

पहिली: ‘मॅडम, टुरिस्ट व्हिसावर जा, झंझट नाही.’ त्यातल्या बी-१ या कामानिमित्तच्या भेटीच्या व्हिसावर परिषदेला जाता येतं, व्याख्यान देता येतं. विद्यापीठ मानधनही देऊ शकतं, पण एका संस्थेत नऊ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्था नाहीत. वर्षभर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत बसून त्यांच्या प्रकल्पावर काम करणं या व्हिसात बसत नाही. विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारेल तेव्हा एजंट शेजारी उभा नसेल.

दुसरी: ‘डीएस-२०१९ आम्ही काढून देतो.’ जे-१ साठी लागणारा हा फॉर्म फक्त बोलावणारं विद्यापीठ किंवा कार्यक्रमाची मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था देते. त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाने मला तो ईमेलने पाठवला, कागदपत्रं मागितली ती थेट माझ्याकडून. एजंट त्याचेच साडेबारा हजार लावत होता. विद्यापीठाच्या ईमेलची प्रिंट त्याच्यासमोर ठेवली तरी ॲडव्हान्स परत मिळाला नाही.

तिसरी सगळ्यात घातक: ‘सहा महिन्यांचं घ्या, तिथे गेल्यावर वाढवून मिळतं.’ या एका वाक्याने वर्ष वाया गेलं असतं, म्हणून इथे जरा थांबते.

जे-१ व्हिसा एकच दिसतो, पण आत प्रकार वेगवेगळे आहेत आणि तुम्ही कोणत्या प्रकारात आहात हे डीएस-२०१९ वरच्या एका रकान्यात लिहिलेलं असतं. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने. त्यापुढे तो वाढत नाही, आणि तिथे राहून दुसऱ्या प्रकारात बदलून घेणं जवळपास अशक्य. ‘रिसर्च स्कॉलर’ पाच वर्षांपर्यंत चालतो. मग सगळ्यांनी तोच घ्यावा का? नाही. रिसर्च स्कॉलरचा कार्यक्रम संपला, मग तो चार महिन्यांतच का संपेना, की पुढचे २४ महिने तुम्हाला पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून जाता येत नाही. शॉर्ट-टर्मला ही अट नाही. म्हणजे उन्हाळ्यापुरतं जायचं आणि पुढच्या वर्षी परत जाण्याची शक्यता असेल तर शॉर्ट-टर्म. सहा महिन्यांपेक्षा एक आठवडाही जास्त लागणार असेल तर पहिल्यापासून रिसर्च स्कॉलर.

मला आलेल्या पहिल्या फॉर्मवर शॉर्ट-टर्म होतं, कारण निमंत्रणपत्रात पहिल्या सत्राच्याच तारखा होत्या. मी त्यांच्या कार्यालयाला सरळ लिहिलं की काम दहा महिन्यांचं आहे, प्रकार बदलून द्या. त्यांनी प्राध्यापकांकडून नवीन पत्र घेतलं आणि फॉर्म बदलून पाठवला. हे फी भरण्याआधी झालं म्हणून सोपं गेलं. फॉर्म आला की पैसे भरण्याआधी तो रकाना वाचा, तारखा वाचा, पैसा कुठून येतोय ते वाचा. पैशाचा स्रोत महत्त्वाचा यासाठी की आपल्या किंवा त्यांच्या सरकारच्या पैशावर जात असाल तर दोन वर्षं भारतात परत राहण्याची अट लागू शकते, आणि ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पूर्वी भारतीयांना विषयाच्या यादीमुळेही ही अट लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला. त्याआधीच्या अनुभवांवर विसंबून कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका.

एच-१बीबद्दल सगळे विचारतात. विद्यापीठांना त्यात वार्षिक कोट्याची मर्यादा नाही हे खरं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची अट आली, त्यामुळे वर्षभराच्या पाहुण्या संशोधकासाठी कोणी तो काढत बसणार नाही. कायम नोकरीच्या वाटेवरचं पद असेल तर मात्र जे-१ चालत नाही, हेही माहीत असू द्या. जोडीदार सोबत येणार असेल तर जे-२ वर तिथे गेल्यावर कामाची परवानगी मागता येते. ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी एवढंच: रजेवर असलेल्या प्राध्यापकांना व्हिजिटर व्हिसावर १२ महिन्यांपर्यंत संशोधनाला जाता येतं, पण तिकडचा पगार घेता येत नाही. जर्मनीला ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर शेंगेन नको, राष्ट्रीय व्हिसाच लागतो.

खर्च: सेविस (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची अमेरिकी सरकारी नोंदणी) फी २२० डॉलर, व्हिसा फी १८५ डॉलर. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी भरायच्या असतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या, नाहीतर मध्यरात्री पान अडकून बसतं. विमा कमी पडू देऊ नका. जे-१ ला प्रत्येक आजार-अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण लागतं, आणि इथले स्वस्त प्रवास विमे त्यात बसतीलच असं नाही.

नावाचा घोळ आपल्याकडच्या बायकांना फार भोवतो. पदवी माहेरच्या नावाने, आडनाव आधी छापलेली, पासपोर्ट सासरच्या नावाने. डीएस-२०१९, सेविसची पावती आणि डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज या तिन्हीवर अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणेच हवं. लग्नाचा दाखला सोबत ठेवा. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून जे-१ वाल्यांना ती खाती सार्वजनिक करायला सांगतात.

आता मुंबई. अमेरिकेचा वाणिज्य दूतावास तिथे बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन वेगळ्या अपॉइंटमेंट असतात, वेगळ्या जागी. लागोपाठच्या दिवसांच्या घ्या, नाहीतर खानदेशातून दोन फेऱ्या. कल्याण-डोंबिवलीला पाव्हणे असतील तर त्यांच्याकडे राहा. बीकेसीजवळच्या हॉटेलांचे दर आपल्या पगाराला परवडणारे नाहीत.

रात्रीची गाडी घ्या. कुर्ल्याच्या टिळक टर्मिनसपर्यंत जाणारी असेल तर बाहेरचे रिक्षावाले मीटर टाकायला तयारच होत नाहीत. माझ्याकडे बीकेसीचे साडेतीनशे मागितले, जागा जवळ असून. त्यापेक्षा दादरला थांबणारी गाडी घेऊन तिथे उतरा, पश्चिमेला चालत जा आणि मेट्रो ३ ने थेट बीकेसी. धुळेकरांनी एसटीने ठाण्याला उतरून लोकलने दादर गाठावं.

दूतावासात मोबाइल नेता येत नाही, बॅग नेता येत नाही, स्मार्ट घड्याळही नाही. हे ओळखून बाहेर काही जण सामान सांभाळायला उभे असतात. एका मोबाइलचे पाचशे! पावती नाही, नाव नाही. वेळ जवळ आलेली, हातापायाला घाम, माणूस देऊन टाकतो. मी दिले नाहीत, कारण भाऊ सोबत होता आणि त्याच्याकडे सगळं सोपवलं. एकटे जाऊ नका, आणि गेलात तर मोबाइल पाव्हण्यांच्या घरीच ठेवून फक्त कागदांची पारदर्शक फाइल न्या.

मुलाखत उभ्यानेच, खिडकीपाशी. संशोधन काय, पैसे कोण देतं, परत येऊन काय करणार. मी हरण्याची गोष्ट सांगितली, की झाड वरून हिरवं दिसतं तेव्हाच आत रोग असतो, आणि परत येऊन हीच चाचणी आमच्या कॉलेजात सुरू करायची आहे. विषाणू शब्द ऐकल्यावर अधिकाऱ्याने २२१(जी)ची, म्हणजे अर्ज तपासणीसाठी थांबवल्याची चिठ्ठी दिली. याला कायमचा नकार समजू नका. जैवतंत्रज्ञान, अणुऊर्जा, ड्रोन अशा विषयांना जास्तीची तपासणी लागू शकते. बायोडेटा, प्रकाशनांची यादी आणि संशोधनाचा एक पानी सारांश आधीच तयार ठेवा. मी त्याच संध्याकाळी पाठवला.

मग नुसती वाट. घरून रोज फोन, ‘काय व्हयनं?’, आणि सांगायला काही नाही. या काळात विमानाचं तिकीट काढू नका. सुरुवातीची तारीख जवळ यायला लागली की यजमान विद्यापीठाला लिहा, ते डीएस-२०१९ वरची तारीख पुढे ढकलून देतात. तारीख उलटून गेल्यावर लिहिलंत तर सगळं किचकट होतं.

कार्यक्रमाच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत शिरता येत नाही, स्वस्त तिकीट दिसलं तरी. डीएस-२०१९ मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानतळावर पासपोर्टसोबत तोच मागतात. पोहोचलात की पहिल्या आठवड्यातच तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात पत्ता देऊन नोंद करून घ्या.