समुद्र सांडतोय

दुकानात माझ्या मागे, खोकल्याच्या औषधांच्या फळीवर एक फोटो लावलाय. आठ बाय बारा इंची, साध्या काळ्या फ्रेममधला. वाळूत रुतलेल्या दोन टाचा, त्यांच्यावर सकाळचं तिरपं ऊन, आणि दोन पायांच्या मधून पार समुद्रापर्यंत गेलेली ओली दोरी. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे सरकवतं, मी गोळ्या काढेपर्यंत त्याची नजर वर जाते आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "हा तुम्ही काढलात? कुठे शिकलात हो? कोर्स केलात का?" मागे माणसं खोळंबलेली असतात, सुट्ट्या पैशांची मारामार असते, म्हणून मी "नाही हो, असंच" म्हणते आणि सुटते. पण ते असंच नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगते.

त्या जागी आधी दुसरा फोटो होता. भाट्याच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त, केशरी आकाश, एक होडी. घरच्या ग्रुपवर त्याला सत्तावीस अंगठे मिळाले होते, एका आत्याने तर "कॅलेंडरसारखा" म्हणून पावती दिली होती. मी हरखून फ्रेम करून आणली. एक दिवस रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला चित्रकलेचे एक निवृत्त सर आले. वर बघत म्हणाले, "वाकडं आहे." मी स्टुलावर चढून फ्रेम सरळ केली. "अजून वाकडं आहे." पुन्हा चढले. तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "फ्रेम नाही हो. समुद्र. डावीकडे सगळा सांडतोय. खाली तुमच्या बाटल्या भिजतील."

चार महिने तो फोटो मी रोज बघत होते, आणि क्षितिज उतरतं आहे हे मला दिसलं नव्हतं. सत्तावीस जणांपैकी एकालाही दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही कोणी बोललं नव्हतं. राग आला, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी दुकान बंद करताना मीच तो उतरवला.

महिन्याभराने सरांनी त्यांच्या पडवीत बोलावलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार-पाच जण जमतात, म्हणाले, एक फोटो घेऊन या, कागदावर छापलेला. तिथे होते सर, मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक मिस्त्री, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी, जी सगळं मोबाइलवरच काढते आणि आम्हा सगळ्यांपेक्षा बरं काढते. पाचवी मी. नियम एकच होता आणि तो आजही आहे: ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे बघतील, बोलतील, आपसांत भांडतील. शेवटी काय ते बोला. पहिल्या दिवशी मी "त्याचं काय झालं ना" म्हणून सुरुवात केली, तर सरांनी हात वर केला. "बघणाऱ्याच्या घरी समजावून सांगायला तुम्ही जाणार आहात का सोबत?"

कागदच का, हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. मोबाइलचा पडदा मागून उजळलेला असतो, त्यावर काहीही झळाळतं. त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून बारका करतं, अंधारातले बारकावे लापशीसारखे होतात, आणि शटर-ॲपर्चरची, म्हणजे उजेड किती वेळ आणि केवढ्या भोकातून आत घेतला याची जी नोंद फोटोच्या फाइलीत असते तीही पुसून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते, एवढं लक्षात ठेवा. तरी कागद तो कागद. त्याला पैसे पडतात. तीनशे फोटोंतून छापायला एकच निवडायचा म्हटलं की माणूस आपोआप शुद्धीवर येतो.

माझी खरी शिकवणी झाली ती दोन समुद्रांवर. रत्नागिरीत राहणाऱ्यांना सांगायला नको, आमच्याकडे पांढरा समुद्र आहे आणि काळा समुद्र आहे. पाणी दोन्हीकडे सारखंच; वाळू वेगळी. मांडवीची काळी, मुरुगवाड्याच्या बाजूची पांढरी. मला वाटलं, दोन्ही वाळूंचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवावेत, मजा येईल. जवळून, फ्रेमभर नुसती वाळू, वर खेकड्यांनी काढलेली गोळ्यांची रांगोळी. भर उन्हात काढले, छापून आणले, पडवीत मांडले. कंडक्टर काकांनी चष्मा लावला, काढला. "यातला काळा कुठला?"

दोन्ही राखाडी होते. अगदी एकाच जातीचे. मला बोलायची बंदी, त्यामुळे मी नुसती खजील होऊन बसलेली. त्या दिवशी त्या माणसांनी तासभर जे समजावलं, ते मी पुस्तकात आधी वाचलं होतं आणि अजिबात कळलं नव्हतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. जे काही आहे ते सरासरीने मधल्या राखाडीसारखं असणार, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं असणार, असं धरूनच तो चालतो. पांढरी वाळू दाखवली की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. काळी दाखवली की वाटतं अंधार आहे, तो वाढवतो. दोन्हीकडून ओढून मधेच आणून ठेवतो. काका म्हणाले, "म्हणजे हा नवशिका कंडक्टर. आजोबा चढले तरी अर्धं तिकीट फाडतो, पोर चढलं तरी अर्धं." एवढ्या वर्षांत मीटरची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

उपाय कॅमेऱ्यावरच असतो, अधिक-उणे अशी खूण असलेलं एक बटण. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. सगळ्यांना आधी उलटंच वाटतं: पांढरं आहे तर उजेड कमी नको का करायला? नको. पांढऱ्याला पांढरं राहू द्यायचं तर उजेड वाढवायचा. पुढच्या रविवारी मी पांढऱ्या समुद्राला दीड अधिक आणि काळ्याला एक उणे देऊन परत गेले. छापून आले तेव्हा फोटोवाल्याच्या दुकानातच मोठ्याने हसले.

मधेच एक प्रश्न हमखास येतो, कॅमेरा कुठला घेऊ? माझा जुना निकॉन आहे, कोणीतरी वापरून सोडलेला, सोबत मिळते ती १८-५५ची लेन्स, आणि नंतर घेतलेली एक ५० मिलिमीटरची. माझ्या वडिलांकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनलेला. एका रोलात १२ फोटो. तेवढ्यात गणपती, दिवाळी आणि मामाचं लग्न भागवायचे, आणि आम्हा मुलांना हातही लावू द्यायचे नाहीत. तेव्हा जो आहे तो घ्या. पैसे उरले तर छापण्यावर घाला, आणि एक हवाबंद डबा आणा.

डब्याचं सांगते, कारण तिथे मी पैसे भरून शहाणी झाले. पहिल्या पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवला. आपल्याकडच्या पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, पापड वाकतात, मीठ पाणी होतं. लेन्सने काय पाप केलंय? गणपतीत काढली तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे बारीक धागे. साफ करायला जे मागितले त्यात आणखी थोडे घातले असते तर वापरलेली दुसरी लेन्स आली असती. मग मी औषधवालीची अक्कल चालवली. गोळ्यांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या असतात, त्या रिकाम्या बाटल्यांतून गोळा करून डब्यात टाकल्या. मिस्त्रींनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, "वैनी, ह्या आधीच पोटभर प्यायलेल्या आहेत." खरंच की. आता अर्धा किलो सिलिका जेल वेगळं आणून ठेवलंय, रंग बदलणारं. रंग उतरला की तापवून सुकवायचं, त्याची कढई वेगळी. ती कढई स्वयंपाकघरात आली तर माझं काही खरं नाही.

उजेडाची दिशा शिकायला सरांनी आम्हाला राजापूर तालुक्यात कशेळीला नेलं, कातळशिल्पं बघायला. २०२२पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, त्यामुळे आता बरेच लोक जातात. कशेळीचा हत्ती म्हणजे सड्यावरच्या जांभ्यात कोरलेली साधारण १८ मीटर लांबीची आकृती, आणि तिच्या अंगात कितीतरी छोटे प्राणी. आम्ही पोचलो दुपारी बाराला. ऊन डोक्यावर. आम्ही हत्तीच्या शेजारी उभे, आणि हत्ती कुठेय? उथळ चरांत सावलीच पडत नव्हती. कॉलेजवाली म्हणाली, खडूने रेषा भरून घेऊ का, पुष्कळ जण भरतात. सर एरवी कधी चिडत नाहीत, त्या दिवशी चिडले. "ज्याने कोरलं त्याला खडू मिळाला नव्हता म्हणून थांबला होता का तो?" मग डबे उघडले, आंब्याच्या झाडाखाली झोपलो. साडेचारनंतर सूर्य कलायला लागला आणि एकेका चराच्या कडेला सावलीची रेघ उमटत गेली. आधी सोंड, मग पाठ, मग पोटातले मासे. फोटो मला नीट जमला नाही, जमिनीवरून एवढा हत्ती मावतच नाही. पण तेव्हापासून मी दुपारचा कॅमेरा बाहेर काढायचं सोडलं.

आता त्या टाचा. माझं माहेर मालवणचं. चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या, आणि दोन रांगा करून माणसांनी ती ओढत आणायची. रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात, शेवटी मासळी. मी त्याचा फोटो काढून पडवीत नेला: माड, निळं पाणी, ओळीने वाकलेली माणसं, क्षितिज पट्टीने आखल्यासारखं. यावेळी मी निर्धास्त होते.

सगळे गप्प. मग मिस्त्रींनी बोट ठेवलं. "दोरी कुठे जाते?" दोरी उजव्या कडेला कापली गेली होती. "हे लोक काय ओढतायत तेच दिसत नाही. कवायत चाललीय असं वाटतं." आणि थोड्या वेळाने, अर्धवट स्वतःशीच: "वजन नाही यात."

तो शब्द मला महिनाभर टोचत राहिला. वजनाचा फोटो कसा काढतात? पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा पहाटे चिवल्यावर हजर. बाजूने काढले, समोरून काढले. समोरून काढलं की तोंडं काळी, कारण आपल्या किनाऱ्यावर सूर्य डोंगराआडून येतो, ओढणाऱ्यांच्या पाठीमागून. रांगेतल्या एका काकांना माझी लुडबुड असह्य झाली असावी. "फोटो कसले काढतंस गो बाये, दोरयेक हात लाव!"

कॅमेरा पाठीवर टाकला आणि लावला हात. पाच मिनिटांत तळवे सोलले. दोरी पाण्याने जड, वाळू पायाखालून सरकते, आणि मग आपोआप कळतं की जोर हातांत नसतोच; टाच रोवायची, मागे रेलायचं, पुढची टाच. शेजाऱ्यांच्या पायांकडे बघितलं तर प्रत्येक टाचेमागे वाळूचा एक ढीग उठलेला. तासाभराने मी रांगेतून सुटले, रांगेच्या मागे जाऊन पोटावर पडले आणि कॅमेरा वाळूला टेकवला. ऊन माझ्या पाठीकडून त्या टाचांवर सरळ पडलेलं. एफ ८, शटर १/३२०, आयएसओ २००. विचारतात म्हणून सांगितलं, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. ओल्या वाळूत उठून घरी गेले तेव्हा आई म्हणाली, "काय पडलीस की काय?"

पडवीत तो फोटो उलटला तेव्हा मिस्त्री काही बोलले नाहीत. नुसता पुढे ओढून घेतला आणि चहा होईपर्यंत स्वतःकडे ठेवला.

ज्याचा फोटो त्याला प्रत द्यायची, असा आमचा दुसरा एक न ठरवलेला नियम आहे. पुढच्या मे महिन्यात आंब्यांबरोबर एक प्रत घेऊन मी चिवल्याला त्या काकांच्या घरी गेले. त्यांनी फोटो हात लांब करून धरला, बायकोचा चष्मा मागवून पुन्हा बघितला, आणि मान हलवली. "ह्यो पाय माजो न्हय. माज्या उजव्या टाचेक आडवी चीर आसा, ही बघ." त्यांनी चप्पल काढून दाखवलीच. "ह्यो आमच्या थोरल्याचो." मग जरा थांबून, "तू औषधाचा दुकान चालवतंस मां? ह्येका मलम काय लावूचा?"

त्यानंतरच्या खेपेला दोन ट्यूब नेल्या, दोघा भावांना एकेक. थोरल्यांच्या ओटीवर फोटो लावलेला होता. मी आडवा काढलेला, त्यांनी उभा लावलाय. दिनदर्शिका आणि कपाटाच्या मधे तेवढीच जागा होती म्हणून. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.