रामनदी: खाटपेवाडी ते औंध, बाटल्या आणि बादलीसह

पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीत उगम पावणारी रामनदी भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असं करत औंधजवळ मुळेला मिळते. लांबी अठरा-एकोणीस किलोमीटर. पाणी तपासत सगळा काठ एका दिवसात चालून होत नाही. दुचाकीने ठिकाणं गाठावीत आणि प्रत्येक ठिकाणी थोडं वर-खाली चालावं. जायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा झऱ्यांचं पाणी वाहतं असतं. एप्रिल-मेमध्ये खालच्या टप्प्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणीच, त्यामुळे तुलनेसाठी तीही फेरी करावी.

पहिली बाटली खाटपेवाडीच्या तलावाखाली आणि सूर्य वर यायच्या आत भरायची. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि घाण पाण्यातही डीओचा (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा) आकडा चांगला दिसतो. पुण्याच्या उंचीवर 25 अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. दुपारी त्याहून बराच जास्त आला तर ते शेवाळाचं लक्षण समजा. बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यातही मोजू नये, तिथे हवा नुकतीच मिसळलेली असते.

डीओ मोजायला मीटरपेक्षा विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं घालून मोजणं, बरी. मीटर कॅलिब्रेट न करता फिरवले जातात. 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची. मँगनीज सल्फेट 2 मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड 2 मिलि पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. भूगावच्या वर तपकिरी साका बसतो. पाषाणच्या खाली, नाल्याच्या तोंडाशी तोच साका पांढरा बसला, तर ऑक्सिजन संपला. टायट्रेशन, म्हणजे द्रावण थेंब-थेंब घालून मोजणं, करायची गरजच नाही. तपकिरी असेल तर 2 मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवावा, 200 मिलि घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट करावं. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्याला किमान 5 लागतात, बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) 3 च्या आत लागतो. आम्लासाठी हातमोजे आणि चष्मा हवाच. उरलेलं रसायन नदीत ओतू नका, कॅनमध्ये परत आणा.

मैल्याचे जंतू असले की काळी होणारी एचटूएस कुपी फक्त उगमाकडच्या विहिरी-झऱ्यांसाठी न्यावी. बावधनच्या खाली सगळ्याच कुप्या काळ्या होतील, त्यातून नवीन काही कळत नाही.

खरं काम नळांच्या तोंडाशी आहे. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक पाइपाच्या वरचा, खालचा आणि पाइपाचा असे तीन नमुने घ्यावेत, सोबत प्रवाहही मोजावा. पाइप लहान असेल तर 15 लिटरची बादली लावा. ती 12 सेकंदांत भरली तर सेकंदाला सव्वा लिटर. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर हे सुमारे हजार माणसांचं झालं. पण सकाळी सात ते दहा नळ जोरात असतो, म्हणून दुपारीही मोजून सरासरी काढावी. नदीचा प्रवाह मोजायला दहा मीटर सरळ पट्टा निवडून संत्र्याची साल सोडायची. वेग गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, आणि वरचं पाणी जास्त पळतं म्हणून गुणिले 0.85.

पाषाण तलावातली जलपर्णी दरवर्षी काढतात नि दरवर्षी परत येते. येणारच. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद येत राहतं, आणि काढलेला ढीग काठावरच कुजला तर तेच परत पाण्यात झिरपतं. काढलेली पर्णी त्याच दिवशी दूर न्यायला हवी. तरंगती बेटं, कारंजी वगैरे सांडपाण्याचे नळ वळवल्यानंतर. आधी लावली तर फोटोपुरती. काठाला काँक्रीट तर नकोच: झऱ्याची वाट बुजते आणि नदीची रुंदी आवळली जाते. 4 ऑक्टोबर 2010 च्या रात्री पाषाण-बाणेरने रामनदीचा पूर पाहिला आहे. काँक्रीटपेक्षा काठावर वाळुंज, करंज, उंबर आणि पाण्यालगत शेरणी, लव्हाळा लावावा. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी घालावं लागतं.

सोमेश्वरवाडीला मंदिरामागे उतरताना गमबूट घाला. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, तोंड प्रवाहाकडे करून भरावी. कोलिफॉर्मची (मैल्यातल्या जंतूंच्या तपासणीची) निर्जंतुक बाटली अजिबात विसळायची नाही.

औंधला संगमाच्या खाली एकच नमुना घेऊन भागत नाही. दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी-शेजारी न मिसळता वाहतात, म्हणून संगमाच्या वर मुळेचा वेगळा नमुना घ्यावा. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. आपल्याकडे बीओडी 27 अंशांना तीन दिवसांचा असतो, म्हणून गुरुवारी नमुने दिले की रीडिंग रविवारी येतं आणि तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप असतं. शुक्रवार किंवा शनिवार धरा.