सडावाघापूर ते कोयनानगर: उलटं पाणी आणि हलती जमीन

जुलैच्या शेवटी उंब्रजला महामार्ग सोडला आणि चाफळचा रस्ता धरला. समर्थांच्या राममंदिराचं दर्शन घेऊन दाढोलीमार्गे घाट चढलो की सडावाघापूरचं पठार लागतं. सडा म्हणजे आपल्याकडची सपाट, खडकाळ माथ्याची जमीन. पावसाळ्यात तिच्यावर बोटभर पाणी वाहत असतं, धुकं लोळत असतं आणि पवनचक्क्यांची नुसती घरघर ऐकू येते, पाती दिसतच नाहीत.

इथला ओढा कड्यावरून खाली पडायला जातो आणि वर उडतो. उलटा धबधबा म्हणून लोक तो पाहायला येतात, पण त्यातले अर्धे तरी निराश होऊन परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पाऊस जास्त झालेला असतो.

पाणी वर जातं ते वाऱ्यानं. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा उभ्या कातळावर आदळतो. पुढे वाट नसल्यानं तो कड्याला घासत वर चढतो. पावसाचा एक मिलिमीटर जाडीचा थेंब सेकंदाला साधारण 4 मीटर वेगानं पडतो, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटरनं, पाच मिलिमीटरचा 9 मीटरनं. वर चढणारा वारा त्याहून जोरात असला की थेंबाला खाली जाताच येत नाही. सेकंदाला 7 मीटर म्हणजे ताशी 25 किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये सड्याच्या कडेला एवढा वारा ही रोजची गोष्ट आहे. पण हे सगळं धार फुटून तिचे थेंब झाले तरच. ओढा फुगला असेल तर पाण्याचा जाड पडदा एकसंध कोसळतो आणि वारा फक्त त्याच्या कडा फाडतो. म्हणून धो धो पावसाच्या दिवशी इथे येऊ नका. रात्री पाऊस झालाय, सकाळी उघडीप आहे आणि वारा मात्र सुटलाय, असा दिवस गाठा. सप्टेंबर सरता सरता वारा पडतो आणि धबधबा चारचौघांसारखा खाली पडू लागतो.

वारा पुरेसा आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. कड्यापासून चार-पाच मीटर मागे उभं राहून गवताची चिमूट पुढे टाका. ती डोक्यावरून मागे आली तर थांबा, पाणी उडणार. वारा झोतांनी येतो, त्यामुळे निदान अर्धा तास हाताशी ठेवा.

धोका नेमका या झोतांतच आहे. जोरदार वाऱ्यात माणूस नकळत पुढे झुकून उभा राहतो. वारा एकदम थांबला की तो टेकू जातो आणि तोल कड्याच्या दिशेनं सुटतो. त्यात कातळावर शेवाळ असतं. धबधब्याच्या बाजूला, कड्यापासून लांब उभं राहा. वर उडणारं पाणी तिथूनच नीट दिसतं, समोरून नव्हे. छत्रीचा उपयोग नाही, ती पहिल्या झोतात उलटते; रेनकोट घ्या. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, नाहीतर उघडलेलं दार बिजागरीपासून पिळवटतं. फोटो काढायचे असतील तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा आणि भिंग पुसायला दोन-तीन सुती फडकी जवळ असू द्या.

असे धबधबे जगात इतरत्रही आहेत. इंग्लंडच्या डर्बीशायरमधला किंडर डाउनफॉल पश्चिमेच्या वाऱ्यात असाच परत फिरतो, हवाईच्या ओआहू बेटावरही एक आहे. आपल्याकडे नाणेघाटातला प्रसिद्ध आहे. सगळीकडे उभा कडा, समोरून येणारा वारा आणि बारीक धार हे तिन्ही लागतंच.

सड्यावरून पाटणला उतरलो आणि चिपळूण रस्त्यानं कोयनानगर गाठलं. इथलं कोडं डोळ्यांना दिसत नाही आणि ते अजून पुरतं सुटलेलंही नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी इथे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हा दख्खनचा भाग तोवर स्थिर मानला जायचा. बदललं होतं ते एवढंच, की काही वर्षांपूर्वी इथल्या कोयना धरणात पाणी साठायला लागलं होतं.

धरणातल्या पाण्याचं वजन जमिनीला पेललं नाही, असं सहज बोललं जातं. ते पटत नाही. आज जलाशयाची क्षमता सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, म्हणजे जवळपास 300 कोटी टन पाणी. आकडा प्रचंड वाटतो. पण शंभर मीटर खोल पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या दहापट भरतो, तर पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा स्वतःचाच भार सुमारे 1300 पट असतो. मग एवढ्याशा वाढीव दाबानं जमीन हलेल कशी? इथले खडक आधीच ताणलेले होते, सुटायच्या बेतात होते, असं अभ्यासक मानतात. भेगांतून पाणी झिरपतं, खोलवरच्या भ्रंशात, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेत, त्याचा दाब वाढतो आणि एकमेकांवर घट्ट बसलेल्या दोन बाजूंमधलं घर्षण कमी होतं. सड्यावर वारा थेंबाला पुरून उरतो, इथे उरलीसुरली पकड पाण्याचा दाब सोडवतो. पाणी झिरपायला वेळ लागतो, म्हणूनच जलाशय भरल्यावर काही आठवड्यांनी, पावसाळा संपता संपता, हादऱ्यांची संख्या वाढलेली दिसते.

जलाशयामुळे सहाच्या वर तीव्रतेचे भूकंप झाल्याची मोजकीच उदाहरणं आहेत: चीनमधलं शिनफेंगजियांग, झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचं करीबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि आपली कोयना. कोयनेत मात्र साठ वर्षं होत आली तरी हादरे थांबलेले नाहीत. पुढे दक्षिणेला वारणेचं धरण भरल्यावर ते तिकडेही सरकले. सगळे जेमतेम 20 गुणिले 30 किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर. दख्खनच्या याच काळ्या खडकावर इतकी धरणं उभी असताना हे इथेच का, हा खरा प्रश्न आहे आणि मला तो उलट्या धबधब्याहून कितीतरी मोठं आश्चर्य वाटतो.

1967 च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले, तेही जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीवर. जिथे आकार बदलतो तिथे ताण एकवटतो, म्हणून. नंतर खालच्या अंगानं आधार देऊन भिंत जाड केली. धरणातल्याच यंत्रावर त्या पहाटेच्या हादऱ्याची नोंद झाली होती आणि धरणं बांधणारे अभियंते जगभर ती आजही वापरतात. भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही. नेहरू उद्यानातून धरणाचं दृश्य चांगलं दिसतं, तिथून त्या भिंतीच्या उताराकडे निरखून पाहा.

हादरे इथेच का, या प्रश्नासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, ते 2017 मध्ये पूर्ण झालं. वरचा काळा बेसॉल्ट एक ते सव्वा किलोमीटरवर संपतो आणि खाली ग्रॅनाइटसारखा कितीतरी जुना खडक लागतो. भूकंप त्याच्यात होतात. तिथलं तापमान, भेगा आणि ताण मोजण्याचं काम कराडजवळ हजारमाचीच्या प्रयोगशाळेतून चालतं. कराडच्या पुढे ओगलेवाडीच्या बाजूला ती येते. पर्यटकांसाठी ती नाही, पण कोयनेच्या हादऱ्यांचं उत्तर कधी मिळालंच तर त्यात तिचा मोठा वाटा असेल.